एका हातानं उघडणारा चाकू

द्राक्षांच्या हातगाड्या चौकात लागल्या की माझं डोकं विनाकारण तापायला लागतं. बाकी सगळ्यांना त्या दिवसांत बरं वाटतं. थंडी उतरलेली असते, ऊन अजून अंगावर धावून येत नाही, पिंपळगावकडून आलेल्या टेम्पोंतून क्रेट उतरत असतात. शाळेतल्या बायका मधल्या सुट्टीत डब्याशेजारी द्राक्षांची पिशवी मोकळी करतात आणि ‘घ्या ना गायकवाड मॅडम, एकदम गोड आहेत’ म्हणून आग्रह करतात. मी घेते. मणी दाताखाली फुटतो, गोड पाणी जिभेवर येतं, आणि पाठोपाठ कुठून कोण जाणे शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो. मग तपासायचे पेपर, वर्गातला गोंगाट, खिडकीतून बाकावर पडलेलं ऊन, सगळ्याचाच राग येऊ लागतो.

वास कुठून येतो ते खरं म्हणजे मला पक्कं ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका हंगामातून येतो. तो अख्खा हंगाम मी एका घडीच्या चाकूच्या मागे घालवला.

चाकू माझ्या मिस्टरांचा. ते सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा चाकू आधीपासून घरात होता, म्हणजे मानानं तो माझ्यापेक्षा मोठाच. बोटभर लांबीचं पातं, शिसवी मूठ. मुठीची एक बाजू कधीतरी तडकली तेव्हा त्यांनी कारखान्यातल्या भंगारातला काळ्या बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या स्विचांच्या कडक प्लास्टिकचा, तुकडा घासून तिथे बसवला होता. त्यामुळे चाकू एका बाजूनं तपकिरी, एका बाजूनं काळा. धार लावून लावून पातं इतकं झिजलं होतं की मिटल्यावर ते मुठीत हरवून जाई. पेरूच्या फोडी, कांद्याच्या गोणीची शिवण, पार्सलची सुतळी, विजेच्या वायरचं आवरण, पायात रुतलेला काटा, सगळं त्याच चाकूनं. सोमेश्वरला फिरायला गेलो की धबधब्याजवळच्या कट्ट्यावर बसून ते काकडी सोलायचे. साल एका लांब पट्टीत उतरायची. ती मध्येच तुटली तर त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

रविवारी त्या चाकूची आंघोळ असे. मागच्या दारात पायरीवर वर्तमानपत्र पसरून ते बसत. मुठीच्या फटीत साठलेला खिशातला कापूस आणि मळ काडेपेटीच्या काडीनं काढत. मग धारेचा दगड, त्यावर तेलाचे थेंब, आणि पातं एका ठरलेल्या तिरकेपणात पुढे, मागे. शेवटी माझ्या मशीनच्या तेलाचा एक थेंब, पातं ज्यावर फिरतं त्या खिळीवर. उघडायचं, मिटायचं, परत उघडायचं. उघडलेलं पातं धरून ठेवणारी मुठीच्या पाठीतली स्प्रिंगची पट्टी ‘टक्’ असा आवाज करी. तो आवाज कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, “बोलतोय बघ. लय नाय, पण बोलतोय.” मी स्वयंपाकघरातून म्हणे, “माझ्याशी कधी इतका वेळ बसलात का?” ते म्हणत, “तुला कुठं गंज लागतो?”

त्या वर्षी थंडी संपता संपता त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा पाय बराचसा परत आला होता. उजवा हात मात्र आला नाही. तो खांद्यापासून नुसता सोबत असायचा. आणि बोलणं गेलं. सगळं नाही. दोन शब्द उरले. ‘नाही’ आणि ‘उद्या’.

‘नाही’चं मी समजू शकते. तो शब्द माणसाच्या फार आत असणार. पण ‘उद्या’ कुठून उरला? चहा हवा, तर उद्या. पंखा बंद कर, उद्या. पुण्याहून प्रज्ञाचा, आमच्या मुलीचा, फोन आला की मोबाइल कानाला लावून डोळे भरून ‘उद्या, उद्या’. डॉक्टरांनी सांगितलं, याला वाचाघात म्हणतात. डोक्यात सगळं शाबूत आहे, शब्द बाहेर येताना वाट चुकतो. मी तिसरीच्या मुलांना मराठी शिकवते. समानार्थी, विरुद्धार्थी, गटात न बसणारा शब्द ओळखा. आणि घरी एक माणूस सगळ्या जगाला मिळून एकच शब्द वापरत होता, आणि तो प्रत्येक वेळी काय म्हणतोय ते मला ओळखता येत नव्हतं. लोक म्हणत, धीर धरा. धीर धरायला माझी हरकत नव्हती. पण धीर धरूनही समजत नाही त्याचं काय करायचं?

दवाखान्यातून आलेली कपड्यांची पिशवी गडबडीत तशीच कोपऱ्यात पडून राहिली होती. एक दिवस त्यांनीच ती उपसली. घामानं भिजून वाळलेल्या पॅन्टच्या खिशातून चाकू निघाला. पात्यावर तांबूस बुरशीसारखा गंज. त्यांनी चाकू दोन गुडघ्यांत धरला, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत अडकवलं आणि जोर केला. पातं खरखर करत निघालं आणि सैल दातासारखं इकडेतिकडे हललं. ‘टक्’ झालंच नाही. स्प्रिंगची पट्टी तशीही म्हातारी झाली होती, गंजानं ती पुरतीच बसली.

तरी त्यांनी त्याच चाकूनं पेरू कापायला घेतला. मी स्वयंपाकघरात होते. “उद्या” असा वेगळाच आवाज आला म्हणून बाहेर धावले. पातं आपोआप मिटून अंगठ्यावर बसलं होतं. पेरूच्या फोडी लाल झाल्या होत्या.

उजवा हात कामाचा नाही, डाव्या अंगठ्याला टाके. म्हणजे तेवढे दिवस हातच नाहीत. मी घास भरवू लागले की ते मान वळवत. खोलीत मिरचीचा ठसका उठावा तसा राग उठायचा, त्यांचाही आणि माझाही.

प्रज्ञा फोनवर म्हणाली, “आई, तो चाकू आधी फेकून दे. मी नवीन मागवते ऑनलाइन. छान असतात स्टीलचे.”

“तूच सांग तुझ्या पप्पांना.”

तिनं फोन ठेवला. मी चाकू तांदळाच्या डब्यात लपवला. टाके निघाले तशी त्यांनी शोधाशोध सुरू केली. उशीखाली, टीव्हीमागे, माझ्या पर्समध्येसुद्धा. शेवटी ते स्वयंपाकघरात कपाटासमोर खुर्ची ओढून बसले आणि उठेचनात. पुढ्यात तपासायचे पेपर, मागे ते. मी पेन आपटलं, तांदळात हात घातला, चाकू काढून त्यांच्यासमोर धरला.

“दुरुस्त करून आणते. तोवर हात लावायचा नाही. कबूल?”

“उद्या,” ते म्हणाले. मी ते ‘हो’ असं धरलं.

मला वाटलं होतं, एका दुपारचं काम. हार्डवेअरच्या दुकानदारानं चाकू चिमटीत धरून उलटसुलट केला. “मॅडम, हे आता कोण दुरुस्त करतं? वापरायचं आणि टाकायचं. हा बघा नवीन, ग्रिपवाला.” मी म्हटलं, मला हाच हवा आहे. तो माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. भांडी बाजारात एकानं सांगितलं, तांबट लेनमध्ये विचारा. तांबट लेनमध्ये सांगितलं, पूर्वी एक म्हातारे होते, आता नाहीत. रॉकेलनं गंज निघतो म्हणून रॉकेल शोधलं, तेही मिळेना. शहरात नवीन वस्तू मिळायला रस्तोरस्ती दुकानं, आणि जुनी वस्तू उघडून तिच्या आत बघेल असा माणूस मिळेना.

मग दारावरून सायकलवाला धार लावणारा गेला. त्याला थांबवलं. “ढिल्याचं मला नाही जमणार ताई, पण धार अशी देतो की बघाच.” त्यानं पायडल मारलं, ठिणग्यांची फुलबाजी उडाली, आणि मी काही म्हणायच्या आत पात्याचं टोक निळं पडून गोल झालं होतं. मिस्टर दारात उभे होते. त्यांनी पातं घेतलं, बोटाच्या पेरानं टोक चाचपलं. “नाही,” ते म्हणाले. मग हळू आवाजात पुन्हा, “नाही, नाही, नाही.” धारवाला बिचारा मान खाली घालून सायकल ढकलत गेला. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं आणि ओरडून काय होणार तेही कळत होतं.

गंगापूर रोडला एका क्लिनिकमध्ये त्यांना बोलण्याच्या उपचारासाठी नेत असे. तिथल्या मॅडम तरुण आणि फार गोड बोलणाऱ्या. पुढ्यात चित्रांची कार्डं ठेवत. केळं, घड्याळ, छत्री. “काका, हे काय आहे?” “उद्या.” “पुन्हा बघा, घ… घ…” “उद्या.” त्या दिवशी कार्डावर चाकूचं चित्र आलं. ते चित्राकडे बघत राहिले. मग डावा हात शर्टाच्या खिशात घातला आणि खराखुरा चाकू काढून कार्डावर ठेवला.

मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. चाकू मिस्टरांनी माझ्या पर्समधून कधी काढून घेतला होता, मला पत्ता नव्हता. मॅडम सावरून म्हणाल्या, “छान काका. आता नाव सांगा याचं.” ते त्यांच्याकडे असे बघत होते की वस्तू समोर ठेवल्यावर आणखी नाव कशाला हवं? मला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्हींचा राग आला.

क्लिनिकमधून परत येताना रिक्षा सातपूरच्या एमआयडीसीतून वळली आणि मला रऊफभाई आठवले. एकाच कारखान्यात दोघांनी उमेदीची वर्षं काढली होती. रऊफभाईंनी मग नोकरी सोडून स्वतःचा गाळा घेतला, लेथ टाकलं. बोलायला मोठे फर्डे. दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट त्यांच्याकडे गेले.

“भाभी, एवढंच ना? द्या इकडे. गायकवाडचा चाकू मला माहीत नाही का? किती आंबे खाल्लेत त्यानं कापलेले.” त्यांनी जुनी खीळ काढली, गंज साफ केला, टोक घासून पुन्हा अणकुचीदार केलं, नवी खीळ घालून ठोकली. स्प्रिंगची पट्टी वाकवायला त्यांनी नकार दिला. “ती आता वाकवली तर तुटेल. म्हणून खीळच घट्ट बसवलीये. आता हत्ती बसला तरी पातं हलणार नाही.”

खरंच हलत नव्हतं. मी दोन्ही हातांनी उघडून पाहिलं, मिटून पाहिलं. वाटेत द्राक्षं घेतली, पेढेसुद्धा घेतले. घरी येऊन चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो गुडघ्यांत धरला. नख खाचेत घातलं. नख घसरलं. पुन्हा घातलं, पुन्हा घसरलं. मग त्यांनी पातं दातांत धरून ओढायला सुरुवात केली. मी चाकू हिसकावला.

“दातानं काय? पडेल दात. द्या, मी उघडून देते.”

“नाही.”

“का नाही? एवढा सुंदर घट्ट करून आणला.”

“उद्या.” त्यांनी हात पुढे केला. “उद्या. उद्या.”

“काय उद्या?” माझा आवाज चढला. “ढिला होता तर बोट कापून घेतलंत. घट्ट करून आणला तर नको. माझी शाळा, पेपर, तुमची औषधं, क्लिनिक, आणि वर हा चाकू घेऊन गावभर फिरले मी. तुम्हाला हवंय तरी काय? सांगा ना. एकदा सांगा.”

सांगा, असं मी त्यांना म्हटलं. त्यांचा चेहरा डाव्या बाजूनं लाल झाला. त्यांनी चाकू घेतला आणि फरशीवर आपटला. बॅकेलाइटचा एक टवका उडून पलंगाखाली गेला. त्यांना वाकून चाकू उचलता येत नव्हता. मला येत होतं, पण मी उचलला नाही. तो खोलीच्या मध्यावर पडून राहिला आणि आम्ही त्याला वळसा घालून वावरत राहिलो.

संध्याकाळी झाडताना केरसुणी त्याच्यावर आली. मी खाली बसले. काय मनात आलं कोण जाणे, उजवा हात पाठीमागे नेला, ओढणीत गुंडाळून टाकला, आणि नुसत्या डाव्या हातानं चाकू उघडायला लागले. गुडघ्यांत धरला, निसटला. पायाखाली दाबला, नख मोडलं. काखेत धरला. कपाळावर घाम आला तरी पातं मुठीतून तसूभर हलेना. तेव्हा लक्षात आलं. मी, रऊफभाई, सगळ्यांनी मिळून दोन हातांचा चाकू दुरुस्त केला होता. तो ज्याचा होता त्याला एकच हात उरला होता. त्यांना तो उघडायला सैल हवा होता आणि उघडल्यावर घट्ट. हे एका वाक्यात सांगता येतं. त्यांच्याकडे वाक्य नव्हतं.

मान वर केली तर ते दारात उभे राहून बघत होते. किती वेळ, कोण जाणे. मी ओढणी सोडवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मागच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यांच्या जागी मी बसले. ते शेजारी, वरच्या पायरीवर. कानस मी धरली, खिळीचं डोकं घासू लागले. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर. कोन चुकला की ‘नाही’. जोर जास्त झाला की ‘नाही’. इतक्या वेळा ‘नाही’ ऐकलं की मला माझ्या वर्गातल्या मुलांची दया आली. खीळ निघाली. नटबोल्टचा गंजका डबा मी उपडा केला आणि एकेक स्क्रू त्यांच्यासमोर धरत गेले. हा? नाही. हा? नाही. शेवटी जुन्या रेग्युलेटरमधला एक बारीक स्क्रू भोकात अचूक बसला. मागून नट लावला. तेलाचा थेंब सोडला. त्यांनी डाव्या हातानं चाकू झटकन हलवला आणि पातं उघडलं. एका हातानं. त्यांच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली.

आनंद दुपारपर्यंत टिकला. उघडमीट केली की नट सैल व्हायचा आणि पातं पुन्हा लुळं पडायचं. मी पक्कड घेऊन आवळायची. आवळला की उघडेना. सैल केला की मिटू लागे. उघडायच्या आधी सैल, उघडल्यावर घट्ट, मिटताना परत सैल, आणि नट इतका बारीक की पक्कड लागणारच, आणि पकडीला दुसरा हात हवाच. म्हणजे त्या चाकूची मेलेली स्प्रिंग मीच झाले. शाळेत शिकवताना मोबाइल थरथरे. मिस्ड कॉल. त्यांचा. बोलायचं काही नाही, नट ढिला झाला आहे एवढंच. मी फळ्यावर विरामचिन्हं लिहीत असे आणि ओठांत म्हणत असे, आले, आले.

पक्कड हातात घेतली की ते मला पाण्याची बाटली दाखवत. मी ग्लास भरून देई. ते पीत, मग पुन्हा बाटली पुढे करत. मी पुन्हा भरून देई. एकदा तर त्यांनी बाटली टेबलावर अशी आदळली की पाणी उत्तरपत्रिकांवर सांडलं. तिसरीच्या मुलांची अक्षरं निळी होऊन एकमेकांत मिसळली. मी त्या कागदांना इस्त्री करत बसले.

अशाच एका दुपारी शाळेतून आले तर दार उघडं. आत कुणी नाही. मोबाइल चार्जिंगला लावलेला. चप्पल नाही, काठी नाही. शेजारच्या बाईंना काही माहीत नव्हतं. मी घराला कुलूप घातलं आणि रस्त्यावर धावले. चौकातला द्राक्षवाला म्हणाला, “काका ना? ते त्या अंगाला गेले, कंपन्यांकडं. म्या म्हनलं बसा जरा, तर बसले नाय.”

कारखान्यांची शिफ्ट सुटली होती. मोटरसायकलींचे लोंढे, बस, टेम्पो, हॉर्न. त्यातून एक पाय ओढत चालणारा माणूस कसा गेला असेल ते मी रस्ताभर बघत गेले. प्रत्येक गर्दीपाशी थांबून मी आत डोकावे. रऊफभाईंच्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत लेथ चालू होतं आणि स्टुलावर हे बसले होते, काठी मांडीवर आडवी.

“भाभी, बरं झालं आलात,” रऊफभाई कपाळ पुसत म्हणाले. “केव्हापासून भांडतोय आम्ही. मी विचारतो नट बदलू का, तर उद्या. वॉशर घालू का, उद्या. अरे यार, म्हटलं, उद्याच ये मग. तर यानं चिडून माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि चाकूवर, त्या नटावर ठेवलं. आणि अंगठ्यानं असं फिरवून दाखवलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली.”

ते झाकण टेबलावर होतं. निळं, कडेला रेघारेघांचं, बोटांनी फिरवायचं झाकण. मी ते बघतच राहिले. घरी मी त्यांना किती पाणी पाजलं होतं.

“स्क्रू तुमचाच ठेवलाय,” रऊफभाई म्हणाले. “मस्त बसवलाय तुम्ही. मी फक्त नट मोठा केलाय, झाकणासारखा. अंगठ्यानं फिरतो. पक्कड नको, कुणी नको.”

पितळेचा गोल नट, कडेला खरबरीत रेघा. मिस्टरांनी चाकू घेतला, अंगठ्यानं नट सैल केला, झटका दिला, पातं उघडलं. अंगठ्यानंच नट आवळला. पातं टेबलाच्या कडेवर दाबलं. मिटलं नाही. सारं एका हातानं, माझ्यादेखत, आणि माझ्याशिवाय.

आता तो चाकू सुंदर दिसत नाही हे सांगायला हवं. नट बाहेर आलेला, त्यामुळे मिटला तरी तो खिशात नीट मावत नाही. शर्टाचे खिसे फाटतात. मी खिशाला आतून जाड कापड लावून देते, तेही फाटतं. रविवारी नट काढून आतला मळ काढावा लागतो, नाही तर रेघांत गुळासारखं चिकट काहीतरी साठतं. तेल मी घालते, धार ते लावतात, दगड मी धरून ठेवते, आणि दर वेळी दगड हलला म्हणून ‘नाही’ ऐकते. दुरुस्ती एकदाची होऊन संपते असं मला पूर्वी वाटायचं. ती संपत नाही. पण त्या गाळ्यात उभं असताना मी यातलं काही म्हणजे काही विचारात घेतलं नव्हतं. मला फक्त संताप आला होता. एवढ्या रहदारीतून, न सांगता, एकटे. आणि त्याखाली दुसरं काहीतरी, जे कबूल करायला लाज वाटत होती. मला जे महिनाभर कळलं नाही ते या माणसाला एका दुपारी कळावं, याचं.

रऊफभाईंनी रिक्षा बोलावून दिली. बसलो, आणि मी सुरू झाले.

“न सांगता जायचं? काही झालं असतं तर? त्या ट्रकवाल्यांना काय माहीत तुमचा पाय कसा आहे ते. मोबाइलसुद्धा घरी. मी शाळेतून येते ती घर उघडं. माझं काय झालं असेल याचा विचार आला का एकदा तरी? चाकू, चाकू, चाकू. मी नव्हते का जाणार रऊफभाईंकडे? मी काय मेले होते? प्रज्ञाला काय सांगणार होते मी, सांगा. तुमच्या त्या चाकूपायी एक दिवस मी…”

“गप.”

मी थांबले. रिक्षावाल्यानं आरशातून मागे पाहिलं. ते समोर बघत होते, कपाळाला आठ्या, चाकू मुठीत. शब्द स्पष्ट होता. ‘ग’ वेगळा, ‘प’ वेगळा, आणि मध्ये पूर्वीसारखाच खास त्यांचा वैताग. झटका आल्यापासूनचा पहिला नवीन शब्द.

“काय म्हणालात?”

ते बाहेर बघू लागले. त्यांना स्वतःला कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. सिग्नलला रिक्षा थांबली. मी पुन्हा सुरुवात केली, चप्पल घासून कशी फाटली आहे ते बघा, काठीचं रबर गेलं आहे. ते काही बोलले नाहीत. घराच्या वळणावर मी पुन्हा एकदा रहदारीचा विषय काढला. काही नाही. दारात कुलूप उघडताना मोबाइलवरून भांडून पाहिलं. तरी नाही.

रात्रीच्या जेवणाआधी प्रज्ञाला फोन लावला. सगळं सांगितलं, गाळा, झाकण, पितळी नट, रिक्षा.

“पप्पा असं म्हणाले? गप म्हणाले? स्पष्ट?”

“रिक्षावाल्यानं वळून बघितलं, इतकं स्पष्ट.”

मग ती नाक ओढत म्हणाली, “मग तू बसलीस का गप?”

“छे,” मी म्हटलं, “मी गप बसले तर ते पुन्हा म्हणतील कसे?”